तारा हलला की बॅच सुटली?

दिवाळीच्या डब्यात तळाशी नुसते चिवड्यातले शेंगदाणे उरले, की लातुरात परीक्षेचा हंगाम लागतो. रानातल्या ज्वारीला अजून कणीस धरायचं असतं, पण इथं पोरांची टेस्ट सिरीज केव्हाच हुरड्यात आलेली असते. चौकाचौकांत गेल्या वर्षीच्या गुणवंतांचे भलेमोठे फोटो चढतात. खरं तर ही पास झालेली पोरं. पण सगळी कॅमेऱ्याकडे अशी बघतात, की कुणीतरी त्यांना अजून एक पेपर राहिलाय असं सांगितलं असावं. खानावळीचे डबे स्कूटरला लटकून धावतात, झेरॉक्सवाल्याला जेवायला उसंत नसते, आणि आमच्या गल्लीतल्या प्रत्येक वरच्या खोलीत कुणी ना कुणी येरझारा घालत काहीतरी घोकत असतं. या दिवसांत गल्लीतली कुत्रीसुद्धा हळू भुंकतात, असं आईचं म्हणणं आहे.

मी पुण्यात एका संशोधन संस्थेत काम करते, पण या हंगामात थोडे दिवस काढून लातूरला येतेच. माझं काम लॅपटॉपवर चालतं. ते कुठंही बसून करता येतं, आणि आईच्या ओट्याशेजारच्या टेबलावर ते जास्त चांगलं होतं, कारण तिथं फोडणीचा वास येतो. आईनं वरची खोली प्रणिता नावाच्या मुलीला भाड्यानं दिली आहे. ही शिरूर अनंतपाळची, डॉक्टर व्हायला लातूरला आलेली. आईनं तिला माझी ओळख करून दिली ती अशी:

"ही आमची वैजू. तारे मोजती."

"किती झाले, दीदी?" प्रणितानं विचारलं.

मी म्हटलं, मोजते म्हणजे गिनती नाही करत, मापं घेते. कोणता तारा केवढा, किती वजनाचा, किती तापलेला, किती वयाचा.

"शिंप्यासारखं?"

"अगदी. फक्त गिऱ्हाईक दुकानात येत नाही."

पोरगी हुशार. तिनं पुढचा प्रश्न बरोबर विचारला: "मापं घेऊन शिवायचं काय?" मग मला सांगावंच लागलं. दूरदूरच्या ताऱ्यांभोवती ग्रह फिरतात. ते ग्रह आम्हाला दिसत नाहीत; दिसतो तो तारा. ग्रह ताऱ्याच्या पुढून गेला, की ताऱ्याचा उजेड अगदी जरासा उतरतो. किती उतरला, यावरून ग्रहानं ताऱ्याचा केवढा हिस्सा झाकला ते कळतं. पण हिस्सा कळला म्हणजे ग्रह कळला असं नाही. चतकोर भाकरी वाढली म्हटलं, तर मूळ भाकरी केवढी होती ते आधी कळायला नको? ज्या ताऱ्याकडं असे ग्रह मुक्कामाला असतात त्याला आम्ही यजमान तारा म्हणतो. माझं काम म्हणजे या यजमानांची भाकरी मोजणं. भाकरी चुकली की चतकोर चुकला.

आई लसूण सोलत होती. तिला एवढं लांबण पसंत नव्हतं. "सोयरीक करताना काय करतेत?" ती प्रणिताला म्हणाली. "नवऱ्या पोराला काय बघायचं? ते तर मान खाली घालून बसलेलं असतंय. घर बघायचं. चूल बघायची, सासू बघायची, आडात पानी किती हाय ते बघायचं. म्हंजे नवरा आपोआप कळतोय. तेच करती ही." मग भिंतीवरच्या अण्णांच्या फोटोकडं बघून म्हणाली, "माझ्या येळेला मातर चुकलं. घर लई चांगलं निघालं, पर पदरात भूगोलाचा मास्तर पडला."

अण्णा म्हणजे माझे वडील. ते असते तर चष्म्यावरून बघून गप्प बसले असते. आयुष्यभर त्यांनी हेच केलं.

आईचा सिद्धान्त हसण्यावारी नेऊ नये, असं मला अनुभवानं कळलंय. काही वर्षांपूर्वी आमच्या गटाला एक ग्रह सापडला. पृथ्वीपेक्षा जरासाच मोठा. आम्ही इतके खूश झालो, की संस्थेच्या कँटीनमध्ये पेढे वाटले. पुढं त्या ताऱ्याचं अंतर कुणीतरी जास्त नीट मोजलं, आणि तारा आम्ही धरला होता त्यापेक्षा कितीतरी थोराड निघाला. झालं. ताऱ्याबरोबर ग्रहही फुगला. ज्याच्यावर आम्ही डोंगर, समुद्र कल्पिले होते, तो नुसता वायूचा गोळा ठरला. बिचाऱ्या ग्रहानं काहीच केलं नव्हतं. तो होता तेवढाच होता. पेढे मात्र पोटात गेले होते. मी तोंड पाडून आईला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मोजताना कुणी जिन्यावरनं पळालं व्हतं का?"

या प्रश्नामागं एक अख्खा हिवाळा आहे. पण त्याआधी वयाचं सांगते, कारण ताऱ्याचं वय काढणं हे या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम. वजन निघतं, तापमान रंगावरून निघतं. वय निघत नाही. तारा शेकडो कोटी वर्षं साधारण सारखाच दिसतो. त्याची अवस्था आमच्या भागातल्या जुन्या माणसांसारखी असते. इकडं एका पिढीतल्या निम्म्या लोकांचा जन्म एक जूनचा, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी सरसकट तीच तारीख टाकली. अण्णांचाही एक जूनच. खरं वय विचारलं की म्हणायचे, "रझाकारांच्या टायमाला मी रांगत होतो असं म्हणतात." मग आपण आडून आडून अंदाज बांधायचा: दात किती उरलेत, चालताना हात कुठं टेकतो, कुठल्या दुष्काळाचं आठवतं. ताऱ्याचंही तसंच. स्वतःभोवती किती सावकाश फिरतो ते बघायचं, आणि सगळ्यात खात्रीचं म्हणजे, तो थरथरतो कसा ते बघायचं.

हो, तारे थरथरतात. आत सतत उकळी फुटत असते, तिच्या लाटा अख्ख्या ताऱ्यात घुमतात आणि त्याचा उजेड किंचित लुकलुकतो. मोठा तारा सावकाश, दमानं हलतो; लहान तारा भरभर. हंडा वाजवला तर एक आवाज, फुलपात्र वाजवलं तर दुसरा, इतकी साधी गोष्ट. त्या थरथरीवरून ताऱ्याचं पोट, वजन आणि वय, तिन्ही बऱ्यापैकी निघतात. अडचण एकच. ज्या दुर्बिणीतून बघायचं, तीही थरथरते. त्यामुळं आमच्या बैठकांत एकच भांडण वर्षानुवर्षं चालतं: तारा हलला, की दुर्बीण हलली? मोठमोठ्या पदव्यांची माणसं या प्रश्नावर एकमेकांशी अबोला धरतात. मला त्या भांडणात कधी घाबरायला होत नाही. मी लातूरची आहे. आमच्या गल्लीनं हे भांडण भर रस्त्यात केलेलं आहे.

त्या वर्षी मी बारावीला होते. गणपती बोळवून लोक झोपले होते आणि पहाटे जमीन हलली. किल्लारीकडची गावं बघता बघता मातीला मिळाली. अण्णा औशाच्या शाळेत शिकवायचे. त्यांच्या वर्गात त्या बाजूची पोरं होती. गल्लीनं भाकरी थापल्या, अण्णा त्या घेऊन ट्रकमधून तिकडं गेले, आणि परतले ते पुष्कळ दिवस जेवताना एक शब्द बोलले नाहीत. त्यांच्या धोतराला लागलेली माती आईनं स्वतः धुतली आणि धुताना ती रडत होती, ते मी बघितलं. आमच्या गल्लीत भिंतींना तडे गेले, दोन कठडे पडले, माणूस कुणी दगावलं नाही. म्हणून त्या हिवाळ्याचं मला हसू येऊ शकतं. किल्लारी आमच्यापासून थोडीच लांब होती आणि आम्ही वाचलेल्या बाजूला होतो, एवढंच त्याचं कारण, हे मी विसरत नाही.

अण्णांची पंचाईत वेगळीच होती. वर्षानुवर्षं त्यांनी फळ्यावर दख्खनचं पठार काढून पोरांना सांगितलं होतं, की हा खडक जुना आणि घट्ट, इथं भूकंपाचं भय नाही. पुस्तकातच तसं होतं. पण आईनं पुस्तकाला धरलं नाही, अण्णांना धरलं. "तुमच्या भूगोलात नव्हता न्हवं भूकंप?" हे तिनं एकदा विचारलं आणि अण्णांची सगळी पत गेली. त्यानंतर त्यांनी "आज गार वारं सुटलंय" म्हटलं, तरी ती बाहेर जाऊन खात्री करून यायची.

आमचं घर नवं, विटांचं. एकच तडा गेलेला, तोही दाराच्या वर, केसाएवढा. पण आईचा घरावरचा विश्वास उडाला. आम्ही अंगणात ताडपत्रीखाली झोपायचो. दिवसा स्वयंपाकाला ती आत जायची, ती चपला उंबऱ्याशी बाहेर तोंड करून ठेवून, म्हणजे पळताना पाय थेट चपलेत जावा. भाकरी थापताना तिचं एक लक्ष तव्यावर आणि एक फळीवरच्या उतरंडीवर असायचं.

या उतरंडीबद्दल सांगायला हवं. कुणाच्या डोक्यातून निघालं माहीत नाही, पण त्या हिवाळ्यात घरोघरी भांड्यांची उतरंड लागली. एरवी उतरंडीत मोठं भांडं खाली, लहान वर. ही उलटी: खाली पालथं फुलपात्र, त्यावर ताटली, ताटलीवर तांब्या, तांब्यावर वाटी, वाटीत चमचे. जमीन जरा हलावी, सगळं धडाधड कोसळावं आणि माणसांनी बाहेर पळावं, असा हिशोब. शेजारच्या शांताकाकूंनी तर आपल्या उतरंडीच्या टोकाला देवघरातली घंटा ठेवली होती. हळूहळू कुणाची उतरंड किती नाजूक, यावर गल्लीत इज्जत ठरायला लागली. "आमची तर मांजर शिंकलं तरी पडती," असं शांताकाकू मोठ्या अभिमानानं सांगायच्या. त्यांच्याकडं मांजर नव्हतं, हा भाग वेगळा.

आणि याच दिवसांत शांताकाकूंच्या माडीवर मुळजकर सरांचा फिजिक्सचा क्लास आला. सरांच्या आधीच्या हॉलला तडे गेले होते. लातुरात तेव्हा क्लासचं पेव फुटायला लागलं होतं. चार भिंती आणि एक फळा दिसला की तिथं बॅच बसलीच. रात्री अंगणात झोपणारी माणसं दिवसा पोरांना माडीवर कोंबत होती, कारण भूकंपाचं भय खरं असलं तरी बारावीचं भय त्याहून थोर होतं. सर अंगानं भारदस्त, आवाजानं मऊ. "एवढं एक समीकरण झालं की सोडतो," म्हणायचे आणि त्या समीकरणाला पिल्लं व्हायची. त्यामुळं बॅच कधी सुटेल याचा काही नेम नसायचा. सुटली की मात्र कोंडवाड्याचं दार उघडल्यासारखी पोरं लोखंडी जिन्यावरून धडधडत खाली यायची. तो जिना आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीत रोवलेला होता, आणि त्याच भिंतीवर आईची फळी होती.

इथं वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेल. आमच्या गल्लीच्या आलं नाही, आणि त्यात गल्लीचा फारसा दोष नव्हता. व्हायचं असं: बॅच सुटायची, जिना हादरायचा, आईची उतरंड कोसळायची. आई "भूकंप!" असं ओरडत बाहेर धावायची. तिचं ऐकून शांताकाकू धावायच्या, मग सगळी गल्ली. तोवर पोरं खाली पोचलेली असायची. समोर अख्खी गल्ली पळताना दिसली की तीही "भूकंप! भूकंप!" करत पळायची. आणि गल्ली त्या पोरांकडं बोट दाखवून म्हणायची, "बगा, शिकलेली पोरं पळायलेत. म्हंजे खराच हाय." सुरुवातीला खरेखुरे छोटे धक्के बसतही होते, त्यामुळं शंका घ्यायला जागाच नव्हती. मीही त्या बॅचमध्ये होते आणि मीही मनापासून पळत असे. पळून झाल्यावर सगळे रस्त्यात उभे राहून चहा प्यायचे. सर माडीच्या खिडकीतून मऊ आवाजात म्हणायचे, "घाबरू नका. उद्या याच्यावरच एक उदाहरण घेऊ."

पण आई खरंच घाबरत होती. ती वाळत चालली. एक दिवस तिनं अण्णांना आणि मला समोर बसवलं. "आता बास. पुन्यांदा भांडी पडली, की आपुन बिलोलीला. माझ्या भावाच्या गावात जमीन जाग्यावर हाय." बिलोली तिचं माहेर, तिकडं नांदेड जिल्ह्यात. मामा नेक माणूस, आमच्यावर जीव टाकणारा. त्यानं आमच्यासाठी दोन खोल्या रिकाम्या करून ठेवल्या होत्या आणि माझाही विचार करून ठेवला होता: बारावीचं काय, पुढच्या वर्षी बघू, मग डी.एड., आणि डी.एड. होईतो शेजारच्या कृषी सहायकाचा मुलगाही नोकरीला लागेल. मामाच्या हिशोबात कुठंच चूक नव्हती, फक्त त्यात फिजिक्स नव्हतं.

मला फिजिक्स हवं होतं. डॉक्टर व्हायचं नव्हतं, इंजिनियर व्हायचं नव्हतं. सरांनी नुकताच दोलनाचा धडा काढला होता आणि झोपाळ्यापासून सतारीच्या तारेपर्यंत जे जे हलतं ते कसं हलतं, हे कागदावर मांडता येतं, असं मला पहिल्यांदा कळलं होतं. इतकं सुंदर काही असू शकतं यावर माझा विश्वास बसत नव्हता. आणि ते अर्ध्यात टाकून बिलोलीच्या एसटीत बसायचं, या विचारानं मला जेवण जात नव्हतं. माझं सगळं आयुष्य एका तांब्यावर, त्यावरच्या वाटीवर आणि वाटीतल्या चमच्यांवर येऊन ठेपलं होतं.

त्यानंतर दोनच दिवसांत बॅच सुटली तेव्हा मी सरांना शंका विचारत खिडकीपाशी थांबले होते. त्यामुळं मला सगळं वरून दिसलं, आणि क्रमानं दिसलं. आधी पोरं जिन्यावर. मग आमच्या घरातून भांड्यांचा खणखणाट. मग आई बाहेर. मग शांताकाकू. मग खाली पोचलेली पोरं त्यांना बघून दचकली आणि ओरडली. माझ्या पायाखालची फरशी मात्र शांत होती, आणि सर निवांत फळा पुसत होते.

मी धावत खाली आले. "आई, भूकंप नव्हता! बॅच सुटली!"

"मग पोरं भूकंप म्हणत कामून पळाली?"

"तुला बघून!"

"आन् मी कामून पळाले?"

"भांडी पडली म्हणून!"

"तेच म्हणायले मी," आई म्हणाली. "भांडी पडली. बॅगा भरा."

मी अण्णांकडं बघितलं. अण्णांनी हात जोडले. "मी यात काही बोलणार नाही, बाई. माझ्या बोलण्यावरनं एकदा भूकंप होऊन गेलाय."

मी रडले, चिडले, जेवले नाही. शेवटी आई एका गोष्टीला राजी झाली: पारख करायची. पण तिच्या अटींवर. बॅच कधी सोडणार हे तिला आधी कळता कामा नये. आणि मी तिच्याशेजारीच बसायचं, मनगट तिच्या हातात देऊन, म्हणजे मला कुणाला खुणा करता येणार नाहीत. आज आमच्या शोधनिबंधांत या पद्धतीला एक जड नाव आहे आणि तिच्यासाठी तज्ज्ञांच्या समित्या बसतात. आईला ती नुसत्या पोटच्या पोरीवरच्या संशयातून सुचली होती.

सरांना विचारलं तर ते खूश झाले. दोलनाचं प्रात्यक्षिक फुकटात होणार होतं. रविवारी सकाळी सगळी गल्ली जमली. अण्णा जिन्याच्या पायथ्याशी, हातात रुमाल घेऊन. रुमाल वर केला की पोरांनी निघायचं. शिट्टी नाही, हाक नाही. आत स्वयंपाकघरात आई, मी आणि उतरंड. खिडकीतून जिना दिसत होता, पण आईनं खिडकीकडं पाठ केली होती.

पहिल्यांदा पोरं चपला हातात घेऊन, एकेक करत, मांजराच्या पावलांनी उतरली. चमचासुद्धा वाजला नाही. आई वाट बघून कंटाळली. "मेली का काय पोरं?" दुसऱ्यांदा नेहमीसारखी सुटली, आणि तांब्या, ताटली, वाटी, सगळं धाडकन खाली आलं. आईचे पाय उठू बघत होते. पण ती बसून राहिली. माझ्या मनगटावर तिची बोटं रुतली होती. "ही बॅच," ती म्हणाली.

बाहेर टाळ्या पडल्या. आम्ही उतरंड पुन्हा लावली. तिसऱ्यांदा नुसत्या मुली पळाल्या. भांडी डुलली, चमचे किणकिणले, पण पडलं काही नाही. "ह्या पोरी," आई म्हणाली, आणि आता तिला गोडी लागली. पदर खोचून ती मांडी घालून बसली. चौथ्यांदा फार सावकाश, खालपर्यंत भरलेला हादरा आला. तांब्या दमानं इकडून तिकडं कलला. आई विचारात पडली. "म्हैस," तिनं सांगितलं.

ते मुळजकर सर होते. काय चाललंय ते बघायला स्वतः खाली उतरत होते. शांताकाकूंना हसून हसून ओट्यावर बसावं लागलं. सरांनी विचारलं, "काय म्हणाल्या वहिनी?" तेव्हा सगळी गल्ली एकदम आभाळाकडं बघायला लागली. अण्णा म्हणाले, "तुमचं नाव बरोबर ओळखलं." आयुष्यात अण्णा एवढं एकच खोटं बोलले असतील. आजही एखादा भलाथोरला, म्हातारा तारा पडद्यावर सावकाश हेलकावे घ्यायला लागला, की मला आधी सर आठवतात आणि मग त्याचं वजन सुचतं.

मी जिंकले होते. काकू चहा टाकत होत्या, सर ओट्यावर बशी घेऊन बसले होते, पोरं वर गप्पा मारत होती. आई अजून उतरंडीपुढंच होती, अजून एकदा ओळखते म्हणत. माझं मनगट तिच्या हातातच होतं.

आणि चमचे वाजले.

पडलं काही नाही. जिन्याचा हादरा भिंतीकडून यायचा; हा खालून आला, तळपायांतून. घागरीतल्या पाण्यावर बारीक वलयं उठली. मी खिडकीतून बघितलं: जिन्यावर कुणी नव्हतं. अण्णांचा रुमाल खांद्यावर होता. बाहेर सगळे उभे, बोलत, हसत होते, आणि कुणालाही काही जाणवलं नव्हतं. आईनंही मान वळवून तेच सगळं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं.

आता ती काय म्हणणार, यावर माझं सगळं वर्ष होतं. माझ्या मनगटावरचा तिचा हात कापत होता, की माझाच कापत होता, हे मला आजही सांगता येणार नाही.

"काय ओ," अण्णांनी बाहेरून विचारलं, "आत्ता काही वाजल्यासारखं झालं. कोण होतं?"

आई अंगणात आली. "कुनी न्हाई," ती म्हणाली. "चमचे सरळ केले मी."

मग तिनं पायात चपला सरकवल्या आणि मला घेऊन कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेली. बूथ एका माणसापुरता; मी काचेच्या दाराला टेकून उभी राहिले. मामाचा आवाज असा, की फोन आईच्या कानाला होता तरी मला रस्त्यावर ऐकू येत होता.

"कवा निघायलीस, अक्का?"

"न्हाई येत."

"कामून? घर हलायलंय म्हणलीस की!"

"हलायलंय," आई म्हणाली. "आत्ता हललं. पर पोरगी अभ्यासाला बसलीय रे. तिला कसं उठवू?"